कॉमेडी लिहिणाऱ्याने रिअ‍ॅलिटी शोची नोकरी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा नागपूरचा, वय २६, चार-पाच वर्षं झाली कॉमेडी स्किट लिहितो, एकांकिका स्पर्धेत दोनदा लेखनाचं बक्षीस घेतलंय, आणि आता मुंबईच्या एका प्रॉडक्शन हाऊसकडून रिअ‍ॅलिटी शोवर असोसिएट क्रिएटिव्हची ऑफर आलीय. त्याला भीती अशी की एकदा तिकडे गेलो की लेखक म्हणून संपलो. शिवाय सगळं स्क्रिप्टेड असतं का, पैशाचं कसं असतं, आणि आईला काय सांगू, हे तीन प्रश्न शेपटासारखे मागे लावलेत.

आधी उत्तर देतो मग पाल्हाळ लावतो. घे. पण डोळे उघडे ठेवून घे, कारण तिथे तुझी जी गोष्ट कामाला येणार आहे तीच गोष्ट तुला त्रासही देणार आहे, आणि हे तुला ऑफर देणारा कोणी सांगणार नाही.

मी आठ वर्षं कॉमेडी लिहिली, त्यानंतर अकरा वर्षं रिअ‍ॅलिटीत काढली, क्रिएटिव्हपासून सुरू करून शेवटी प्रोड्यूसर म्हणून नाव लागलं. आता दोन वर्षं झाली परत नागपुरात आलोय, सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे आणि दुपारी लिखाण, असं चालू आहे.

माझं बालपण नागपूरच्या महाल भागातलं. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातल्या पुतळ्याची मिरवणूक, निघते हे तुला सांगायला नको, काळी आणि पिवळी दोन्ही १८८० च्या दशकापासून निघून राहिल्या, पण माझा जीव अडकायचा तो बडग्यांत, म्हणजे सोबत निघणाऱ्या टवाळीच्या पुतळ्यांत. आमच्या गल्लीतली पोट्टी बडग्या बनवायची आणि त्याच्या गळ्यात लटकवायच्या पाटीवरचा मजकूर माझ्याकडे असायचा, कारण माझं अक्षर चांगलं होतं, अक्कल नंतर आली. महागाई, खड्डे, नळाला न येणारं पाणी, एखादा पुढारी. इतवारीच्या त्या गर्दीत पाटी वाचायला माणसाला किती वेळ मिळतो? बडग्या समोरून जाईपर्यंत. त्यात हसला तर हसला नाहीतर गेला. मी एकदा चौदा शब्दांची पाटी लिहिली होती तर मोठ्या भावाने अर्धी खोडली आणि म्हणाला, काय बे, निबंध लिहून राहिला का. लेखनाचं माझं शिक्षण एवढंच. पुढे कोणत्या वर्कशॉपमध्ये यापेक्षा जास्त काही मिळालं नाही.

२००५ साली हिंदीत स्टँडअपचा तो मोठा चॅलेंज शो आला, त्याचा पहिला विजेता सुनील पाल आपल्या विदर्भातला निघाला, आणि नागपुरातल्या प्रत्येक विनोदी पोट्ट्याला वाटलं की आता आपलाच नंबर. मी पण सेवाग्राम एक्स्प्रेस पकडली. स्टेजवर उभं राहायची हिंमत नव्हती म्हणून लिहायला लागलो. मराठीत तेव्हा स्किटचे शो जोरात सुरू होत होते आणि लिहिणारे हात कमी होते, त्यामुळे काम मिळालं. स्किटलेखकाचं जगणं कसं असतं हे तू थोडं बघितलंच असशील, रात्री तीनला पानं पाठवायची, सकाळी रिहर्सलला नट म्हणणार की हा पंच बसत नाही, तिथल्या तिथे दुसरा द्यायचा, शूटिंगला विंगेत उभं राहून ओठ हलवत बसायचं, आणि हशा आला की तो नटाचा, नाही आला की तो लेखकाचा.

मग एक शो बंद झाला, दुसरा सुरू व्हायला चार महिने होते, घराचा हप्ता काही थांबणार नव्हता, आणि एका ओळखीच्याने फोन केला की रिअ‍ॅलिटीत ये, दर महिन्याला पगार आहे. मी पैशासाठी गेलो. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर इंटरव्ह्यूत लोक सांगतात की नवीन माध्यम एक्सप्लोर करायचं होतं वगैरे.

पहिल्या दिवशी मी बारा पानं लिहून नेली. स्पर्धकांचे संवाद. सीनियर बाईंनी पहिलं पान वाचलं आणि बाकीची न वाचता परत दिली. म्हणाल्या, हे लोक नट नाहीत, पाठ केलेलं बोलायला लागले की लगेच दिसतं, तू संवाद लिहू नकोस, अडचण लिही. मला कळलं नाही. त्यांनी उदाहरण दिलं, दोन बायका चार दिवसांपासून एकमेकींशी बोलत नाहीयेत, आता सांग काय करशील. मी म्हटलं भांडण लावू. त्या म्हणाल्या भांडण कशाला, उद्या सकाळी घरात एकच शेगडी चालू ठेव आणि दोघींना वेगवेगळी भाजी करायला दे.

त्या रात्री डोक्यात उजेड पडला की अरे हे तर आपलंच काम आहे. दोन माणसं, एक शेगडी. फार्समध्ये दुसरं काय असतं? एक खोली आणि तीन भाडेकरू, एक लग्न आणि दोन नवरदेव. फक्त स्किटमध्ये मी अडचणही लिहायचो आणि त्यातून सुटायची वाक्यंही लिहायचो, इथे वाक्यं त्यांची त्यांना सुचू द्यायची.

विनोदी लेखक या धंद्यात उपरा नाही, उलट जुना भिडू आहे. कौन बनेगा करोडपती ज्या ब्रिटिश शोवरून आला, तो तिथे ४ सप्टेंबर १९९८ ला सुरू झाला, आणि तो रचणाऱ्या तिघांपैकी माईक व्हाइटहिल आणि स्टीव्हन नाइट हे दोघं जॅस्पर कॅरट नावाच्या कॉमेडियनसाठी लिहिणारे लेखक होते, त्याच्या एका कॉमेडी मालिकेचं लिखाणही या दोघांचं. एकदा हे कळलं की तो शो वेगळाच दिसायला लागतो. प्रश्न म्हणजे सेटअप. उत्तर म्हणजे पंच. आणि मधे जे लॉक करू का, नक्की ना, चला एक छोटासा ब्रेक, हे जे आहे ना तो पॉज आहे, तोच पॉज जो आपल्या नटाला आपण शंभरदा सांगतो की घे रे बाबा, घाई करू नको. जनरल नॉलेजचा शो म्हणून लोक बघतात पण पोटात कॉमेडीचं टायमिंग आहे. अमेरिकेत २००३ मध्ये तर एक शो असा आला की एकच माणूस खरा स्पर्धक आणि बाकी सगळे नट, सगळा रिअ‍ॅलिटी शो खोटा आणि त्या एकट्यालाच माहीत नाही. तो ज्यांनी उभा केला त्यातले दोघं, ऱ्हेट रीस आणि पॉल वर्निक, पुढे सुपरहिरोच्या विनोदी सिनेमांचे लेखक म्हणून गाजले. म्हणजे तिकडून परत येता येतं, हे तुझ्या भीतीचं अर्धं उत्तर झालं.

आता काम नेमकं काय असतं ते सांगतो.

घरात कोंडून ठेवायचा शो घे. कॅमेरे चोवीस तास चालू. कंट्रोल रूममध्ये भिंतभर स्क्रीन आणि लॉगर पोरं-पोरी शिफ्टमध्ये बसून टाइप करत असतात, कोण कोणाशी काय बोललं, किती वाजता, कोणत्या कॅमेऱ्यावर. यातून रोजचा एक तासाचा एपिसोड काढायचा, आणि आपल्याकडे तासाला जाहिराती आणि चॅनलचे स्वतःचे प्रोमो मिळून १२ मिनिटांपर्यंत जाऊ शकतात, त्यामुळे तुझ्या हातात उरतात अठ्ठेचाळीसच्या आसपास. अठ्ठेचाळीस मिनिटांत एक अख्खा दिवस, पंधरा माणसांचा. यातलं काय ठेवायचं हे ज्याला कळतं तो लेखक, मग त्याच्या कार्डवर काहीही छापलेलं असो.

कॉमेडीवाला इथे का चालतो? बाकीचे लोक बोलणाऱ्याकडे बघतात, तू ऐकणाऱ्याकडे बघतोस. ही सवय स्किटने लावलेली असते. हशा वाक्यावर येत नाही, वाक्य ज्याच्यावर पडलं त्याच्या चेहऱ्यावर येतो. मी फुटेज बघायचो तेव्हा बोलणाऱ्याचा आवाज ऐकायचो आणि नजर मात्र कोपऱ्यात कांदा चिरणाऱ्या माणसावर, की याने सुरी का थांबवली. बरेचदा एपिसोडची गोष्ट त्या सुरीत असायची. दुसरं म्हणजे तुला बीज पेरून ठेवणं माहीत असतं, सोमवारी कोणी सहज म्हटलं की मला झोपेत बोलायची सवय आहे, ते तू वहीत लिहून ठेवतोस, आणि शुक्रवारी ते कामाला येतं.

स्क्रिप्टेड असतं का याचं उत्तरही यातच आहे. अँकरची वाक्यं लिहिलेली असतात, टास्क लिहिलेले असतात, स्पर्धकाची ओळख करून देणारी एव्ही, म्हणजे छोटी फिल्म, लिहिलेली असते. मी जिथे जिथे काम केलं तिथे भांडणातली वाक्यं लिहिलेली नव्हती. पण भांडण कशावरून होऊ शकेल याची सोय केलेली होती आणि झाल्यावर त्यातलं काय आधी दाखवायचं नि काय नंतर, हे माझ्यासारखा कोणीतरी ठरवत होता. खुर्चीवर बसवून जे एकट्याचं बोलणं घेतात त्यातही एक छोटी युक्ती आहे, स्पर्धकाला सांगतात पूर्ण वाक्यात उत्तर दे. म्हणजे विचारलं की तुला तिचा राग आला का, तर नुसतं हो म्हणू नको, मला तिचा राग आला असं म्हण. मग आपला प्रश्न कापला जातो आणि असं वाटतं की तो स्वतःहूनच बोलला. खोटं काही नाही यात. खरंही पूर्ण नाही.

इथून पुढे जे सांगतोय ते जरा नीट वाच.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या शोमध्ये आपल्याच भागातली एक मुलगी होती, गाव सांगत नाही, भंडाऱ्याकडची समज. साधी, मोठ्याने हसणारी. मुंबईच्या एडिट रूममध्ये आपल्या बोलीचं काय होतं हे तुला माहीत असावं म्हणून सांगतो, वऱ्हाडी किंवा झाडी बोलणारा माणूस फ्रेममध्ये आला की त्याने आईच्या आजारपणाचं सांगितलं तरी मागे टुंग करून विनोदी आवाज टाकायचा मोह होतो. आपण 'का'च्या जागी काऊन म्हटलं की त्यांना जोक वाटतो. २०१९ ला अमरावतीचा शिव ठाकरे मराठी बिग बॉस जिंकला तेव्हा वाटलं आता हे कमी होईल, थोडं झालंही असेल. पण ते असो, या मुलीचं वेगळंच झालं.

एका संध्याकाळी घरातली दुसरी एक स्पर्धक रडली, घरच्या आठवणीने, बऱ्यापैकी मोठा सीन होता. पण सीन संपत नव्हता, म्हणजे एडिटवर शेवट मिळत नव्हता. रडणं, मग शांतता, मग सगळे उठून गेले, टीव्हीवर हे मेलेलं दिसतं. रात्री दोन वाजता मी एडिटरला म्हटलं, हिचा दुपारचा हसण्याचा शॉट काढ. दुपारी ती एका डासावरून हसली होती, कोणाच्या तरी गालावर डास बसला आणि त्याने स्वतःला थापड मारून घेतली. तो हसण्याचा शॉट आम्ही रडण्यानंतर लावला. दीड सेकंदाचा. परफेक्ट बसला. टायमिंग इतकं सुंदर की एडिटरने टाळी दिली. आणि मला खरोखर आनंद झाला, हे लपवत नाही, स्किटमध्ये शेवटचा पंच सापडल्यावर होतो तसाच.

एपिसोड गेला. कमेंटमध्ये तिला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. गावात तिच्या आईला बाजारात एका बाईने थांबवून विचारलं की तुमची पोरगी दुसऱ्याच्या रडण्यावर हासते काय हो. मुलगी पुढच्या आठवड्यात बाहेर पडली. बाहेर आल्यावर तिने तो एपिसोड बघितला आणि मला फोन केला. मला वाटलं शिव्या देणार, मी तयार होऊनच उचलला. ती शिव्या देत नव्हती. ती मला विचारत होती, "दादा, मी कवा हासली जी? मले तं आठवूनच नाई राह्यलं."

तिला स्वतःवरच शंका यायला लागली होती. टीव्हीवर दिसतंय म्हणजे हसलेच असेन.

मी तिला डासाचं सांगितलं. ती म्हणाली हाव, तो डास आठवते. मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. फोन ठेवला.

स्किटमधलं पात्र मेकअप पुसून घरी जातं. बडग्याला तर आपण जाळूनच टाकतो आणि घरी येऊन पुरणपोळी खातो, ज्याच्या नावाचा बडग्या होता तो मोठा माणूस असतो, त्याला काही होत नाही. ही पोरगी मात्र त्याच बाजारात भाजी आणायला जाणार होती. कॉमेडी लिहिणाऱ्याला माणूस कुठे कच्चा आहे ते दुरून दिसतं, देणगी म्हण की खोड म्हण, आणि या धंद्यात तुला पगार त्याच नजरेचा मिळतो. म्हणून तुझं नाव क्रिएटिव्ह म्हणून लागेल तेव्हा हे आधी ठरव की कुणाच्या कच्च्या जागेवर बोट ठेवायचं आणि कुणाच्या नाही. मी त्यानंतर एक नियम केला, चेहऱ्याचा शॉट त्याच सीनचा, दुसऱ्या वेळेचा उचलायचा नाही. नियम पूर्ण पाळला असं म्हणणार नाही. तीनदा तरी मोडला, एकदा चॅनलच्या दबावाने आणि दोनदा माझ्याच आळसाने. पण नियम असल्यामुळे मोडला हे तरी कळलं. आणि एका सिझनला याच हट्टावरून मला परत बोलावलं नाही, तेही सांगून ठेवतो, म्हणजे नंतर म्हणू नको की सांगितलं नव्हतं.

आता क्रेडिटचं. रिअ‍ॅलिटीतल्या लेखकाला लेखक म्हणायला हा धंदा फार कचरतो, आपल्याकडेही आणि तिकडेही. २००६ मध्ये अमेरिकेत मॉडेलिंगच्या एका गाजलेल्या स्पर्धा-शोवरची बारा माणसं संपावर गेली, मागणी एवढीच की आम्ही फुटेजमधून गोष्ट रचतो तर आम्हाला लेखक माना, लेखक संघटनेत घ्या. शो त्यांच्याशिवाय चालू राहिला. पुढच्या वर्षी ५ नोव्हेंबर २००७ पासून १२ फेब्रुवारी २००८ पर्यंत तिथल्या लेखकांचा मोठा संप झाला तेव्हा रिकाम्या जागा भरायला चॅनलवाल्यांना रिअ‍ॅलिटी शोच सोयीचे पडले, लेखकांशिवाय चालतात म्हणून. विनोद बघ.

तेव्हा सही करायच्या आधी तुझ्या पदाचं नाव आणि ते स्क्रीनवर येणार की नाही हे कागदावर घे, तोंडी नको. स्वतःचा फॉरमॅट सुचला तर चहा पिता पिता कोणाला ऐकवू नको. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच एका नाटकावरून झालेल्या केसमध्ये ते स्पष्ट केलंय. पण सविस्तर लिहून काढलेली, टप्पे पाडलेली कन्सेप्ट नोट ही वेगळी गोष्ट, २००२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने टीव्हीवरच्या स्वयंवराच्या एका कल्पनेच्या बाबतीत अशा नोटला संरक्षण दिलं होतं. म्हणून लिही, तारीख टाक, स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये रजिस्टर कर, कोणाला पाठवायची तर ईमेलने पाठव.

पैशाचं छोटं आहे. स्किटचे पैसे एपिसोडवर आणि उशिरा, इथे महिन्याचा चेक, पण शो चालू असेपर्यंतच. दहा टक्के टीडीएस कापून येतील, रिटर्न भर, परत मिळण्यासारखे असतील तर मिळतील. वर्षातले आठ महिने काम मिळेल असं धरून खर्च आख, बाराचा हिशोब केलास तर मार्चमध्ये मला फोन करशील.

लेखक म्हणून संपशील का, यावर माझं खरं उत्तर असं आहे की मी सहा वर्षं स्वतःचं एक पानसुद्धा लिहिलं नाही. शिफ्टच बारा-चौदा तासांची, घरी येऊन दुसऱ्यांची वाक्यं कानात वाजत राहायची. परत आल्यावर लिहायला बसलो तर हात आखडलेला होता. मग गेल्या हिवाळ्यात वडशाच्या एका झाडीपट्टी मंडळीसाठी विनोदी प्रवेश लिहून दिले. झाडीपट्टी, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली नाटकं, तुला माहीतच आहे, रात्री उशिरा पडदा वर जातो, पहाट होईस्तोवर नाटक चालतं, थंडीत लोक ब्लँकेट घेऊन बसतात. मी मागे बसून नाटकाऐवजी लोकांकडे बघत होतो, अकरा वर्षांची सवय, कोणत्या वाक्याला ब्लँकेट हललं, कोणत्या प्रवेशात माणूस लघवीला उठला. दुसऱ्या दिवशी दोन पानं कापली. कापताना अजिबात दुखलं नाही, जे आधीच्या मला कधी जमलं नसतं, तेव्हा मी एकेका पंचासाठी नटांशी भांडायचो. म्हणजे काहीतरी घेऊनच आलो म्हणायचं. तू मात्र सहा वर्षांची सुट्टी घेऊ नको, दिवसाला अर्धं पान लिही, शोबद्दल नको, दुसरं काहीही.

राहिला आईचा प्रश्न. माझ्या आईला मी सांगितलं होतं की सिरीयलचं काम आहे. ती अजून शेजारणीला तेच सांगते, आणि शेजारीण विचारते की कोणती सिरीयल, तर म्हणते ती रात्रीची, ज्यात सारेच भांडतात.